अँसेल्मची व्याख्या आणि व्यासभाष्यातील ‘काष्ठाप्राप्ती’

परम श्रेष्ठतेच्या कल्पनेतूनच ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होते, हा अकराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ अँसेल्मचा युक्तिवाद योगसूत्रांवरील व्यासभाष्यात कित्येक शतके आधीच आला होता, असे म्हटले जाते. दोन्हीकडची वाक्ये शेजारी ठेवली की ते पटतेही. सूत्र १.२४ वरील भाष्य सांगते की ईश्वराच्या ऐश्वर्याला तुल्य काही नाही आणि त्याहून वरचढही काही नाही, कारण ‘यदेवातिशयि स्यात् तदेव तत् स्यात्’, म्हणजे जे वरचढ ठरेल तेच ते ऐश्वर्य होय. अँसेल्मचा ईश्वर म्हणजे ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही तो. तरीही या दोन युक्तिवादांची जात वेगळी आहे, आणि त्यांना एक मानल्याने दोहोंचे खरे बळ झाकले जाते, असे मला वाटते.

अँसेल्मने ‘प्रोस्लोगियन’ १०७७-७८ च्या सुमारास, नॉर्मंडीतील बेकच्या मठात असताना लिहिले. ‘देव नाही’ असे मनात म्हणणाऱ्या, बायबलमधील स्तोत्रातल्या मूर्खालाही वरील व्याख्या ऐकून कळते, म्हणजे ती वस्तू निदान त्याच्या बुद्धीत असते. ती केवळ बुद्धीतच असेल, तर ती प्रत्यक्षातही आहे अशी कल्पना करता येईल आणि ते अधिक मोठे ठरेल. म्हणजे ज्याहून मोठे कल्पिता येत नाही त्याहूनही मोठे कल्पिता आले, हा उघड व्याघात होय. या साऱ्या मांडणीत जगाकडे एकदाही पाहावे लागत नाही.

सूत्र १.२५ वरील भाष्याची सुरुवातच जगाकडे पाहण्याने होते. ज्ञान कोणात थोडे असते, कोणात अधिक. आणि ज्यात असा तरतमभाव असतो त्याची पराकाष्ठा कोठेतरी गाठलेली असतेच (हीच ‘काष्ठाप्राप्ती’), जशी परिमाणाची, म्हणजे आकारमानाची. ज्ञानाची ही पराकाष्ठा ज्याच्यात होते तो सर्वज्ञ, म्हणजेच ईश्वर. या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी येथे बोर, आवळा आणि बेलफळ असा चढता क्रम दिला आहे: या फळांत महत्त्व, म्हणजे मोठेपणा, उत्तरोत्तर वाढते आणि आत्म्यात ते निरतिशय होते, म्हणजे त्याहून मोठे काही उरत नाही. सातिशयत्व (कमीअधिक असणे) हा हेतू म्हणजे कारण, परिमाण हा दृष्टान्त आणि त्यांवर उभी असलेली व्याप्ती, म्हणजे ‘जे कमीअधिक असते त्याला पराकाष्ठा असतेच’ हा नियम, असे हे रीतसर अनुमान आहे. व्याप्ती मोडली तर ते कोसळते. व्याख्या कितीही निर्दोष असली तरी त्याला आधार मिळत नाही.

हा भेद आक्षेपांतून अधिक स्पष्ट होतो. गौनिलो या भिक्षूने अँसेल्मला विचारले की, याच रीतीने सर्वांत उत्कृष्ट अशा हरवलेल्या बेटाचे अस्तित्वही सिद्ध होणार नाही काय? पुढे १७८१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने अस्तित्व हे वस्तूच्या संकल्पनेत भर घालणारे विधेयच नाही, असे दाखवले. हे दोन्ही प्रहार व्यासभाष्याला लागत नाहीत, कारण तेथे अस्तित्व व्याख्येतून काढलेलेच नाही. त्याला लागतो तो बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रहा’त नोंदलेला, वेदप्रामाण्य मानणाऱ्या मीमांसकांचा आक्षेप: जो आकाशात दहा हात उडी मारतो, तो शेकडो वेळा सराव करूनही योजनभर उडी मारू शकत नाही. हा आक्षेप सर्वज्ञत्वाच्या दाव्याविरुद्ध आहे, पण त्याची धार येथेही तशीच चालते, कारण वाढणारी प्रत्येक गोष्ट निरतिशय अवस्थेला पोहोचतेच असे नाही. अँसेल्मच्या मांडणीत चढती श्रेणीच नसल्याने ‘प्रोस्लोगियन’ला मात्र तो लागू पडत नाही.

अँसेल्मचे भाष्याशी खरे साम्य शोधायचे असेल, तर ते त्याच्याच थोड्या आधीच्या ‘मोनोलोगियन’मध्ये मिळते. लाकडाहून घोडा श्रेष्ठ, घोड्याहून माणूस श्रेष्ठ, आणि ही श्रेणी अनंत मानणे असंबद्ध असल्याने तिला एक शिखर असले पाहिजे, असे तो तेथे म्हणतो. तुलना करणारे या प्रकरणाकडे क्वचितच वळतात, ही मला मोठी उणीव वाटते.

युक्तिवादाची धाव कोठवर आहे, याबाबतही दोघांत अंतर आहे. अँसेल्म ‘प्रोस्लोगियन’च्या पुढील प्रकरणांत त्याच एका व्याख्येतून ईश्वराची सर्वशक्तिमत्ता, न्याय आणि करुणा काढत जातो. भाष्यकार मात्र सूत्र १.२५ वरील त्याच विवेचनात थांबून सांगतात की अनुमान केवळ सामान्यापर्यंत पोहोचवून क्षीण होते, विशेषाचे ज्ञान देण्यास ते समर्थ नाही, आणि म्हणून ईश्वराचे नाव इत्यादी विशेष आगमातूनच, म्हणजे शास्त्रवचनांतूनच, शोधावेत.