साथीत रुपया का घसरला? मार्च 2020 ची पार्श्वभूमी

23 मार्च 2020 रोजी एका डॉलरला 76 रुपयांहून जास्त मोजावे लागत होते. जानेवारीत हाच दर 71 च्या आसपास होता. त्या दिवशी भारतातले कोरोना रुग्ण होते काही शे. देशव्यापी टाळेबंदी जाहीर व्हायला अजून एक दिवस होता. म्हणजे रुपया पडला तो इथल्या आजारपणामुळे नव्हे. साथ आणि विनिमय दर यांचा संबंध सरळ नसतो, आणि तो कधीच तसा नव्हता.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालावर आणि जहाजांवर निर्बंध घातले, निम्मे शहर गावी पळाले. अशा वेळी चलन कोसळेल असेच कुणालाही वाटेल. पण 1895 च्या सुमारास 14 पेन्सच्या खाली असलेला रुपया 1898 पर्यंत 16 पेन्सला टेकला. कारण 1893 मध्ये सरकारी टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले होते. नवे रुपये पडत नव्हते, त्यामुळे रुपयाची टंचाई होती. 1918 च्या इन्फ्लुएंझाचेही तेच. भारतात कोटीहून जास्त माणसे दगावली, आणि रुपयाचा सरकारी दर एप्रिल 1918 मध्ये 1 शिलिंग 6 पेन्स (12 पेन्सचा एक शिलिंग) होता तो डिसेंबर 1919 पर्यंत 2 शिलिंग 4 पेन्सवर गेला. महायुद्धात चांदी महागली होती आणि रुपया चांदीचा होता, एवढाच त्याचा अर्थ. चलन ज्या खुंट्याला बांधलेले असते त्या खुंट्याकडे आधी बघावे, रोगाकडे नंतर.

आजचा खुंटा डॉलर आहे. जगभरच्या कंपन्यांची, बँकांची कर्जे डॉलरमध्ये, तेलाची बिले डॉलरमध्ये. मार्च 2020 मध्ये सगळ्यांची आवक एकदम थांबली, देणी मात्र थांबली नाहीत. मग जे विकता येईल ते विकून डॉलर जमवण्याची धावपळ सुरू झाली. ही धावपळ किती आंधळी होती ते येनकडे पाहून कळते. संकटात येन वधारतो असा बाजाराचा अनुभव. 9 मार्चला डॉलर 102 येनच्या आसपास आलाही, पण पुढच्या दोन आठवड्यांत तो पुन्हा 111 च्या घरात गेला. सोनेसुद्धा त्या काळात औंसामागे 200 डॉलरच्या आसपास उतरले. अडचणीत आधी विकले जाते ते नफ्यातले आणि पटकन खपणारे.

भारतातून परदेशी गुंतवणूकदारांनी एकट्या मार्चमध्ये शेअर आणि रोखे मिळून सुमारे 1.18 लाख कोटी रुपये काढून नेले. विक्रीतून आलेले रुपये ते त्याच बाजारात डॉलरमध्ये बदलतात. घसरगुंडीचे मुख्य कारण हेच.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह (फेड) हिने 19 मार्चला आणखी नऊ मध्यवर्ती बँकांना डॉलरची तात्पुरती उचल दिली. त्यात कोरिया, ब्राझील, मेक्सिको, सिंगापूर होते. भारत नव्हता. आपल्याला आपल्या गंगाजळीवरच, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्यावरच, भागवावे लागले. रिझर्व्ह बँकेने 16 आणि 23 मार्चला प्रत्येकी 2 अब्ज डॉलरचे सहा महिन्यांचे स्वॅप लिलाव ठेवले. भाग घेणाऱ्या बँकांनी रिझर्व्ह बँकेला रुपये द्यायचे, डॉलर घ्यायचे; सहा महिन्यांनी तेच डॉलर परत करून ठरलेल्या प्रीमियमसह रुपये घ्यायचे. डॉलर कायमचे विकले जात नाहीत, हा यातला फायदा. तोटा असा की तेवढे रुपये बाजारातून शोषले जातात. म्हणून त्याच सुमारास 1 लाख कोटींपर्यंतचे दीर्घ मुदतीचे रेपो, म्हणजे रोख्यांच्या तारणावर बँकांना रुपयांची कर्जे, जाहीर करावे लागले. शिवाय थेट डॉलरविक्री चालूच होती. 20 मार्चला संपलेल्या आठवड्यात गंगाजळी जवळजवळ 12 अब्ज डॉलरनी कमी झाली. पण ती सगळी विक्री नव्हे. गंगाजळीत युरो, पौंड आणि सोनेही असते. डॉलर वधारला की त्यांची डॉलरमधली किंमत आपोआप घटते. बातम्यांत हा फरक सहसा येत नाही.

डॉलर वर गेला की निर्यातदार खूश, हे गणितही त्या महिन्यात चुकले. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता आणि ब्रिटनच्या मालाचे बिल पौंडात. 9 मार्चला पौंड 1.31 डॉलर आणि डॉलर 74 रुपये, म्हणजे पौंडाला 97 रुपये. दहा दिवसांत पौंड 1.15 डॉलरवर आला, डॉलर झाला 75, आणि पौंड उरला 86 रुपयांचा. रुपया ‘पडत’ असताना पौंडवाल्याच्या हातात दर पौंडामागे 11 रुपये कमी.

ज्यांनी फॉरवर्ड बुक केले होते, म्हणजे पुढे येणारे डॉलर ठरलेल्या दराने बँकेला आधीच विकून ठेवले होते, त्यांची कोंडी वेगळी. समजा, जानेवारीत 1 लाख डॉलर जूनसाठी 72.50 ला विकून ठेवले आणि एप्रिलमध्ये ग्राहकाने ऑर्डरच रद्द केली. बँकेला द्यायला डॉलर नाहीत, मग करार रद्द करायचा. तो रद्द होतो त्या दिवशी बँक जूनसाठी ज्या दराने डॉलर विकते त्या दराने, समजा 76.50. फरक 4 लाख रुपये, तोही रोख, लगेच खात्यातून. ऑर्डर नुसती लांबली असेल तर रोलओव्हर करता येतो, म्हणजे करार पुढच्या तारखेवर नेता येतो, पण तिथेही आधी फरक भरावा लागतो. नव्या दराचा फायदा माल गेल्यावर मिळतो. टाळेबंदीत अनेकांकडे नेमकी ती मधली रोकड नव्हती. निर्यातीचे पैसे आणायची मुदत रिझर्व्ह बँकेने एप्रिलमध्ये 9 महिन्यांवरून 15 महिने केली, तिचा उपयोग बिल थकलेल्यांना झाला. रद्द करारांचा फरक त्यातून सुटला नाही.

एप्रिलच्या उत्तरार्धात रुपया 76.9 च्या आसपास जाऊन थांबला. मग चित्र उलटले, आणि तेही साथीमुळेच. कारखाने, वाहने, लग्नसराई ठप्प. तेल स्वस्त, तेलाची आणि सोन्याची आयात आटली. एप्रिल-जून 2020 मध्ये देशाच्या परकीय व्यवहारांच्या चालू खात्यात 19 अब्ज डॉलरच्या आसपास शिल्लक उरली, एरवी तिथे तूट असते. परदेशातले भारतीय घरी पाठवतात ते पैसे 23 टक्क्यांनी घटतील असा जागतिक बँकेचा अंदाज होता, पण 2020 मध्ये ते जेमतेम अर्ध्या टक्क्याच्याही आत घटले. फेडने व्याजदर शून्याजवळ नेल्यामुळे गेलेला परदेशी पैसाही परत येऊ लागला. जूनमध्ये गंगाजळीने 500 अब्ज डॉलर ओलांडले. आता रिझर्व्ह बँक डॉलर विकत नव्हती, घेत होती: 2020-21 मध्ये निव्वळ 68 अब्ज डॉलर. ही खरेदी झाली नसती तर रुपया वर्षअखेरीस 73 वर थांबला नसता, आणखी वधारला असता. डिसेंबरात अमेरिकेच्या अर्थखात्याने भारताला चलनविषयक देखरेख यादीत टाकले, त्यामागे ही खरेदीही होती.

एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट चढत होती. 7 तारखेला रुपया एका दिवसात रुपयाहून जास्त घसरला. त्या सकाळी पतधोरणात रिझर्व्ह बँकेने त्या तिमाहीत 1 लाख कोटींचे सरकारी रोखे विकत घेण्याची हमी दिली होती, म्हणजे बाजारात तेवढे नवे रुपये येणार होते.