कस्टमची खुर्ची आणि कॉम्रेड कालेतनिक

१६ जानेवारी २०१४, कीव. युक्रेनच्या संसदेत म्हणजे वेर्खोव्ना रादामध्ये विरोधकांनी व्यासपीठ अडवलेलं, बाहेर ‘मैदान’ नावाच्या मुख्य चौकात नोव्हेंबरपासून सरकारविरोधी आंदोलक थंडीत बसलेले, आणि आत एक माणूस सांगतो की आता हात वर करून मतदान. हात वर झाले, मोजणीवाल्यानं काही सेकंदांत आकडा दिला २३५, पुढचा कायदा, परत हात, परत २३५. एवढ्या झटक्यात तर लग्नाच्या पंगतीतली पानंही मोजून होत नाहीत! पण ४५० च्या सभागृहात २३५ म्हणजे बहुमत, विषय संपला.

तो माणूस इहोर कालेतनिक, तेव्हाचा पहिला उपसभापती. कम्युनिस्ट पक्षाचा. आणि जेमतेम वर्षापूर्वीपर्यंत देशाच्या कस्टम खात्याचा प्रमुख.

कम्युनिस्ट आणि कस्टम, हे जमलं कसं? त्यासाठी २०१० मध्ये जावं लागतं. त्या फेब्रुवारीत यानुकोविच तेव्हाच्या पंतप्रधान टिमोशेन्कोंना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले पण संसदेत त्यांच्या पार्टी ऑफ रीजन्सकडे एकट्याच्या जिवावर बहुमत नव्हतं, मग मार्चमध्ये आघाडी झाली, त्यात तेव्हाचे सभापती लित्विन यांचा गट आणि २७ खासदारांचे कम्युनिस्ट. आघाडी म्हटली की खातेवाटप आलंच. त्याच मार्चमध्ये कम्युनिस्टांचे खासदार कालेतनिक कस्टमच्या खुर्चीत बसले. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मला तरी तो हिशोबच वाटतो.

कारण कस्टम हे तिकडचं मलईदार खातं. ओडेसाचं बंदर, पोलंड-हंगेरीकडची सरहद्द, ओडेसाबाहेर कंटेनर रचून उभा केलेला सातव्या किलोमीटरचा अवाढव्य बाजार, मालाला तोटा नाही. पळवाटाही जुन्याच. महागाचा माल कागदावर स्वस्त दाखवायचा, एका मालाचं नाव दुसऱ्याला द्यायचं, नाहीतर माल देशातून नुसता पुढे चाललाय असं लिहून आतच उतरवून घ्यायचा. हे काय एका माणसाच्या काळात सुरू झालं नाही, त्याच्या आधीही होतं आणि नंतरही. पण खुर्ची कोणाला द्यायची याला एवढं वजन का, ते यातून कळतं. सरहद्दीवर प्रत्येक सहीला किंमत असते.

त्यांच्याच काळात, जून २०१२ पासून, नवा कस्टम कायदा लागू झाला. मग त्या वर्षी ऑक्टोबरच्या निवडणुकीत कम्युनिस्टांना १३ टक्क्यांच्या वर मतं, ३२ जागा, त्या पक्षासाठी झकास निकाल. डिसेंबरमध्ये रिबाक सभापती आणि कालेतनिक पहिले उपसभापती. त्याच महिन्यात कस्टम आणि टॅक्स एकत्र करून महसूल मंत्रालय काढलं गेलं, म्हणजे साहेब उठले आणि मागे ऑफिसच राहिलं नाही.

आता परत त्या जानेवारीवर. त्या दिवशी बजेट मतदानाच्या मशीनवर पास झालं होतं, हातांचा खेळ त्यानंतरचा. त्या कायद्यांत काय नव्हतं? आंदोलनात हेल्मेट किंवा मास्क घातला तर शिक्षा, पाचपेक्षा जास्त गाड्यांचा ताफा काढला तर शिक्षा, परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर फॉरेन एजंटचा शिक्का. यानुकोविचनी दुसऱ्याच दिवशी सह्या केल्या. लोक त्यांना हुकूमशाही कायदे म्हणायला लागले, १९ ला संसदेजवळच्या हृशेव्स्की रस्त्यावर पेटलं, २२ ला आंदोलकांचे पहिले बळी गेले गोळीनं. २८ तारखेला त्याच संसदेनं ३६१ मतांनी त्यातले बरेचसे कायदे मागे घेतले, म्हणजे हात वर करणारेही फिरले.

२१ फेब्रुवारीच्या रात्री यानुकोविच कीवमधून गायब, दुसऱ्या दिवशी रिबाक आणि कालेतनिक यांचे राजीनामे, विरोधकांपैकी तुर्चिनोव्ह सभापती. पक्षाचं तर पानिपत झालं, ऑक्टोबर २०१४ ला ४ टक्केही मतं नाहीत म्हणजे ५ टक्क्यांच्या उंबरठ्याबाहेर, आणि २०१५ च्या डिसेंबरात कोर्टाची बंदी.

कस्टमची पाटी मात्र बदलत राहिली. २०१४ ला महसूल मंत्रालय मोडून कर आणि कस्टमची एकत्र फिस्कल सर्व्हिस, मग २०१९ ला कस्टम परत वेगळं. तेव्हा प्रमुख स्पर्धेतून निवडला, माक्सिम नेफ्योदोव्ह, सुधारणावाला म्हणून नाव असलेला. एप्रिल २०२० मध्ये त्यालाही काढलं, वर्षही पुरं झालं नव्हतं.