गाडीचा डोल कोण थांबवतो?

दारव्ह्याहून आमच्या गावाकडे येताना एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, लागतो. पावसाळा संपला की त्याच्या दोन्ही तोंडांशी डांबर खचतं आणि गाडीला तिथे हमखास हबका बसतो. यंदा दिवाळीत जाणवलं, की रपटा मागे पडला तरी गाडीचं डोलणं थांबत नाही. गावातल्या मिस्त्रीने बॉनेटचा कोपरा दोनदा दाबून सोडला आणि म्हणाला, "सर, स्प्रिंग बराबर हाये. शॉकअपात काई जीव नाई राह्यला."

शॉकअप गाडीचं वजन पेलतो आणि धक्काही तोच खातो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ही दोन्ही कामं स्प्रिंगची. रेंगीला, म्हणजे छोट्या बैलगाडीला, स्प्रिंग नसते, म्हणून चाकाखालचा दगड थेट आपल्या कण्यापर्यंत पोचतो. पण स्प्रिंगची एक खोड आहे. तिने घेतलेला धक्का ती गिळत नाही, साठवते आणि परत देते. लहान मोटारीच्या पुढच्या एका चाकावर साधारण 250 किलो भार येतो, असं धरू. तिथली स्प्रिंग 2 किलोला 1 मिलिमीटर दबत असेल, तर मोकळं सोडल्यावर गाडीचा तो कोपरा सेकंदाला दीडेक वेळा वरखाली होत राहील. ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायला हवी. ती खर्च करणं हेच शॉकअपचं काम.

आत एक नळी, तिच्यात तेल, आणि तेलात बारीक छिद्रांचा, झडपांचा दट्ट्या. गुडघाभर पाण्याच्या नाल्यातून हळू चाललं तर पाणी वाट देतं, धावायला गेलं तर पाय धरून ठेवतं. तेलही तसंच वागतं. दट्ट्या जितका वेगाने सरकेल तितका विरोध जास्त, आणि गाडी स्थिर असेल तर विरोध जवळपास शून्य. त्या छिद्रांतून रेटलं जाताना तेल तापतं. वरच्या हिशेबात स्प्रिंग 5 सेंटीमीटर जास्त दबली, तर सुमारे 25 ज्यूल ऊर्जा खेळत असते. चमचाभर पाणी सव्वा अंशाने तापेल एवढी ही उष्णता. प्रत्येक खड्ड्याला एवढीच, पण खराब रस्त्यावर ती सतत चालू असते.

माझ्या गाडीत पुढे आहे तो नुसता शॉकअप नाही, स्ट्रट आहे. साधा शॉकअप फक्त डोल थांबवतो. स्ट्रट त्याबरोबर स्प्रिंग अंगावर घेतो आणि चाकालाही उभं धरतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. 1950 साली फोर्डच्या इंग्लंडमधल्या कॉन्सल आणि झेफर गाड्यांना ती होती, आणि 1983 साली आपल्याकडे आलेल्या मारुती 800 च्या पुढच्या चाकांनाही. भाग कमी, जागा कमी, म्हणून ती टिकली. स्टिअरिंग फिरवलं की अख्खा स्ट्रट वरच्या माउंटच्या, म्हणजे तो गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो त्या भागाच्या, बेअरिंगवर फिरतो. जागेवर स्टिअरिंग वळवताना वरून कर्रकर्र किंवा टणक् असा आवाज आला, तर आधी त्या माउंटकडे बघावं.

आमच्याकडे स्ट्रट लवकर का जातात? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो आणि दट्ट्याला विश्रांती मिळत नाही. दुसरा शत्रू धूळ. दट्ट्याच्या दांड्यावरचं रबरी कव्हर फाटलं की पांदणीतली धूळ त्या चकचकीत दांड्यावर बसते. दांडा आतबाहेर करताना ती सीलला घासते, आणि सील कापलं की तेल बाहेर. तेल कमी झालं की आत हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला तेलासारखा विरोध करता येत नाही.

हे सगळं इतकं हळू घडतं की चालवणाऱ्याला सवय होते. म्हणून अंगावर विसंबू नये, हाताने तपासावं. कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक, पुन्हा खाली गेली तर शंका घ्या. मात्र या परीक्षेत पास झालेला स्ट्रटही कमजोर असू शकतो. मला टायर जास्त खरं बोलणारा वाटतो. पृष्ठभागावरून तळवा फिरवल्यावर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट लागलं, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, उडतंय. जिथे चाक उडतं तिथे ब्रेकही लागत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. स्ट्रटवर तेलाचा पुसट ओलावा चालतो, धुळीचा चिकट थर ओघळलेला असेल तर नाही. नुसती खटखट येत असेल तर आधी लिंक रॉड, म्हणजे स्ट्रटला अँटी-रोल बारशी (गाडीचं कलणं आवरणाऱ्या आडव्या दांडीशी) जोडणारी बारीक दांडी, हलवून बघा. तो स्वस्तातला भाग आहे आणि अनेकदा दोष त्याचाच निघतो.

बदलताना दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक मेलेला असेल तर गाडी ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्हीकडे सारखी वागत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली भक्कम स्टँड हवा. खालचे बोल्ट सोडल्यावर चाकाचा भाग लोंबू देऊ नका, ब्रेकची नळी ताणली जाते. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट, कॉम्प्रेसर या अवजाराने स्प्रिंग आवळून तिचा रेटा माउंटवरून पूर्ण निघाल्याशिवाय, कधीही सोडू नका. गाडीतून काढलेल्या स्ट्रटमध्येही ती दाबूनच बसवलेली असते. नट सुटला तर वरचं माउंट गोळीसारखं उडतं, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. कॉम्प्रेसर नसेल तर तयार जुळवलेला स्ट्रट घ्या, किंवा काम मिस्त्रीवर सोपवा. नवा दांडा पकडीत धरू नये, एक ओरखडा सील कापायला पुरतो. माउंट, रबरी कव्हर आणि बम्प स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला तर आदळू न देणारा रबरी ठोकळा) त्याच वेळी नवे टाका. शेवटी अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील.

काम झाल्यावर मी त्याच रस्त्याने पंधरा किलोमीटर गेलो. रपट्यावर गाडी एकदा दबली, वर आली आणि थांबली. घरी पोचल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून, तापलेल्या ब्रेकपासून बोटं लांब ठेवत, आधी एका आणि मग दुसऱ्या स्ट्रटला हात लावला. दोन्ही सारखेच कोमट लागले.