लिब्रेऑफिसच्या खुणा आणि ब्लीचबिट : नव्या सोयीची माहिती

ज्या डीटीपी सेंटरांत, कर सल्लागारांच्या आणि सोसायट्यांच्या कार्यालयांत आम्ही ब्लीचबिट, म्हणजे संगणकावर मागे राहिलेल्या वापराच्या खुणा पुसणारा प्रोग्राम, बसवून दिले आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. आतापर्यंत ही सफाई ब्राउझर, टेम्प फायली आणि रिसायकल बिन एवढ्यावर थांबत होती. आता तीत लिब्रेऑफिसची, म्हणजे कागदपत्रे टाइप करण्याच्या ऑफिस प्रोग्रामची, भर घातली आहे. स्क्रीनवर फक्त दोन-तीन चौकटी वाढलेल्या दिसतील. पण ब्राउझरची साफसफाई आणि ऑफिसची साफसफाई यांत बराच फरक आहे, म्हणून टिक करण्याआधी हे वाचून घ्यावे.

नेमके काय मागे राहते

लिब्रेऑफिस उघडा, फाइल कोणतीही उघडू नका. पहिल्याच पडद्यावर अलीकडच्या कागदपत्रांची छोटी चित्रे रांगेने मांडलेली दिसतात. ती नुसती चिन्हे नसतात, त्या त्या फाइलच्या पहिल्या पानाचे ते चित्र असते. सकाळी टाइप केलेले बक्षीसपत्र दुपारच्या गिऱ्हाइकाला काउंटरपलीकडून दिसू शकते. मजकूर बारीक असल्यामुळे वाचता आला नाही, तरी खाली नाव असते, आणि आपल्याकडे फाइलला नाव देतात ते बहुधा पक्षकाराचेच. फाइलला पासवर्ड लावला असला तरी नाव झाकले जात नाही. पासवर्ड मजकुराला असतो, यादीला नव्हे.

ही यादी राहते कुठे? विंडोजवर 'अ‍ॅपडेटा'तल्या 'रोमिंग' फोल्डरमध्ये 'लिब्रेऑफिस', त्यात '४', त्यात 'यूजर'. लिनक्सवर घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॉन्फिग'मध्ये हीच उतरंड. (आवृत्ती ७ असो की २४, फोल्डरचे नाव '४'च राहिले आहे, तेव्हा जुनी आवृत्ती उरली असे समजून तो उडवू नका.) या 'यूजर' फोल्डरमध्ये 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' नावाची, 'एक्ससीयू' शेपटाची एक फाइल असते. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते.

तिच्यात प्रत्येक अलीकडची फाइल दोनदा नोंदलेली असते. एकदा तपशिलांच्या यादीत, तिथे पूर्ण पत्ता, शीर्षक आणि पहिल्या पानाचे चित्र असते, आणि एकदा क्रमाच्या यादीत. चित्र अक्षरांत रूपांतर करून ठेवतात. त्या पद्धतीत मूळ चित्र एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून या फाइलमध्ये मध्येच अर्थहीन अक्षरांचे लांबलचक पट्टे दिसतात. तो बिघाड नव्हे.

आपल्या कामाची एक गोष्ट इथेच सांगतो. पत्त्यात देवनागरी नाव देवनागरीत लिहिलेले नसते. प्रत्येक अक्षराचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह आणि दोन रोमन चिन्हे, म्हणजे एकट्या 'म'ला नऊ चिन्हे. काना-मात्रा वेगळ्या, त्यांनाही नऊ-नऊ. त्यामुळे नोटपॅडमध्ये पक्षकाराचे नाव शोधून पत्त्यात सापडले नाही, तर ते तिथे नाही असे धरू नका.

सगळी फाइलच का उडवत नाही

हा प्रश्न नेहमी येतो, आणि काही फुकटच्या क्लीनरमध्ये असे करणारे नियमही फिरतात. पण याच फाइलमध्ये तुमची बाकी सगळी मांडणी असते. मराठीत काम करणाऱ्याचे नुकसान इथे जास्त होते. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी (देवनागरीसारख्या लिप्यांच्या मांडणीसाठी) निवडलेली मराठी भाषा, देवनागरीचा ठरवलेला मूळ फाँट, टूलबारांची जागा, स्वतः बसवलेले कीबोर्ड शॉर्टकट हे सगळे एका झटक्यात मूळपदावर जाते. दुसऱ्या दिवशी टायपिस्टची पहिली तक्रार 'फाँट बदलला' अशी असते, आणि तिचा संबंध आदल्या रात्रीच्या सफाईशी कोणी लावत नाही.

अख्खा 'यूजर' फोल्डर उडवला तर त्याहून वाईट. 'वर्डबुक'मध्ये तुम्ही स्पेलचेकरला शिकवलेले शब्द असतात, 'ऑटोकर'मध्ये ऑटोकरेक्टच्या जोड्या, 'टेम्पलेट'मध्ये स्टॅम्प पेपरच्या मापाचे नमुने, 'युनो पॅकेजेस'मध्ये बसवलेली एक्स्टेन्शन्स. कोणी मराठी शब्दसूची एक्स्टेन्शन म्हणून घेतली असेल तर तीही तिथेच. हेल्प मेनूतल्या सेफ मोडमध्ये 'फॅक्टरी सेटिंग्ज'चे बटण आहे, त्याचाही परिणाम असाच. खाजगीपणासाठी ते दाबू नका.

ब्लीचबिट हे काम तांदळातले खडे वेचावे तसे करते. फाइल उघडते, ज्या नोंदींचा पत्ता 'हिस्टरीज' या शाखेचा आहे तेवढ्या काढते आणि बाकीची फाइल परत लिहिते. तपशिलांची यादी आणि क्रमाची यादी दोन्ही याच शाखेखाली येत असल्यामुळे दोन्ही जातात, चित्रेही जातात. हाताने करायला गेल्यास एक यादी काढली आणि दुसरी राहिली, किंवा एखादा टॅग अर्धवट तुटला, असे हमखास होते. टॅग तुटला की फाइलचा वाचता न येणारा भाग लिब्रेऑफिस गुपचूप सोडून देते, आणि त्यातली मांडणी जाते.

आम्ही काय जोडले

ब्लीचबिट डिसेंबर २००८ मध्ये लिनक्ससाठी आले, मे २००९ मध्ये विंडोजसाठी. ०.४.० या आवृत्तीपासून त्यात क्लीनरएमएल नावाची नियम लिहिण्याची पद्धत आहे. एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रोग्रामचे नाव, तो चालू आहे का हे ओळखण्याची खूण, आणि काय व कुठले काढायचे ते लिहायचे, की ब्लीचबिटच्या डाव्या यादीत नवी ओळ येते. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

अलीकडच्या फायलींची यादी काढण्याचा नियम ब्लीचबिटमध्ये आधीच होता, तो आम्ही फक्त चालू केला. आमच्या नियम-फाइलमधून दोन चौकटी नव्या आल्या आहेत.

पहिली 'बॅकअप प्रती'. लिब्रेऑफिस २४.२ पासून, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीपासून, प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत ठेवण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. ही प्रत 'यूजर'मधल्या 'बॅकअप' फोल्डरमध्ये 'बॅक' शेपटाने पडते. म्हणजे गिऱ्हाइकाची फाइल पेन ड्राइव्हवर दिली, संगणकावरून काढून टाकली, रिसायकल बिनही रिकामा केला, तरी आदल्या सेव्हचा पूर्ण मजकूर तुमच्याकडे राहतो. आमच्या मते या सगळ्या खुणांमध्ये सर्वांत धोक्याची हीच, आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. आमचा नियम या फोल्डरमधल्या फक्त 'बॅक' शेपटाच्या फायली काढतो. त्याच फोल्डरमध्ये ऑटोरिकव्हरीच्या, म्हणजे काम अचानक बंद पडल्यास मजकूर परत मिळवण्याच्या, फायलीही येतात, त्यांना तो शिवत नाही. कारण पुढे येईल. बॅकअप मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवण्याचा पर्याय तुम्ही निवडला असेल तर या प्रती इथे सापडणार नाहीत. तो फोल्डर आम्हाला सांगा, नियमात एक ओळ वाढवावी लागते.

दुसरी 'उरलेली लॉक फाइल'. फाइल उघडी असेपर्यंत तिच्या शेजारी '.~' ने सुरू होणारी आणि '#' ने संपणारी एक लपलेली फाइल असते. तिच्यात एकच ओळ: वापरणाऱ्याचे नाव, लॉगिन, संगणकाचे नाव, तारीख-वेळ आणि प्रोफाइलचा (म्हणजे 'यूजर' फोल्डरचा) पत्ता, मध्ये स्वल्पविराम. फाइल नीट बंद केली की ती आपोआप जाते. वीज गेली की राहते, आणि फोल्डर तसाच झिप करून कोणाला पाठवला तर तुमच्या टायपिस्टचे नाव सोबत जाते. ही चौकट मुद्दाम बंद ठेवून दिली आहे. दोन-तीन संगणक एकाच शेअर फोल्डरवर काम करत असतील आणि एकाने दुसऱ्याची चालू लॉक फाइल पुसली, तर एकच खरेदीखत दोघे एकदम बदलतात आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचेच उरते. सगळे संगणक बंद करून मगच, आणि फक्त स्वतःच्या डिस्कवर वापरा.

वापरण्याचा क्रम

१. लिब्रेऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करा. विंडोजवर घड्याळाशेजारी क्विकस्टार्टरचे (लिब्रेऑफिस लवकर उघडावे म्हणून ते मागे चालू ठेवणाऱ्या सोयीचे) चिन्ह असेल तर तेही बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये 'सॉफिस डॉट बिन', म्हणजे चालू असलेले लिब्रेऑफिस, दिसत नाही ना, पाहा.

२. ब्लीचबिट साध्या लॉगिनमधून उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नको.

३. लिब्रेऑफिसखाली अलीकडच्या यादीची आणि बॅकअपची चौकट निवडा. पहिल्या वेळी बाकी काहीही निवडू नका.

४. आधी 'प्रिव्ह्यू'. उजवीकडे येणाऱ्या यादीत 'वर्डबुक', 'ऑटोकर' किंवा 'टेम्पलेट' यातले काही दिसले तर थांबा आणि आम्हाला कळवा.

५. मग 'क्लीन'. नंतर लिब्रेऑफिस उघडून पहिला पडदा रिकामा आहे का पाहा.

पहिल्यांदा करताना 'यूजर' फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा आणि आठवड्याने सगळे ठीक आहे असे दिसले की ती प्रतही पुसा. नाहीतर सगळ्या खुणा तिच्यातच राहतील.

काय बिघडते आणि का

यादी साफ केली आणि पाच मिनिटांत परत आली, असे झाले तर ऑफिस चालू होते. लिब्रेऑफिस यादी मेमरीत धरून ठेवते आणि सेटिंग्ज पुन्हा लिहिताना तीच लिहून टाकते. दहापैकी नऊ वेळा दोषी क्विकस्टार्टर असतो.

'साफ झाले' असा निरोप येतो पण पडद्यावर चित्रे तशीच, असे झाले तर दुसऱ्याचेच प्रोफाइल साफ झाले. लिनक्सवर रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून चालवले की ब्लीचबिट रूटचे घर झाडते, तुमचे नाही. विंडोजवर वेगळ्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड देऊन चालवले तरी तेच. लिनक्सवर याचा आणखी एक त्रास आहे. सुडो (साध्या खात्यातून रूटचे अधिकार घेण्याची आज्ञा) वापरताना घर तुमचेच राहिले तर सेटिंगची फाइल रूटच्या मालकीची होऊ शकते, मग लिब्रेऑफिस उघडते पण कोणताही बदल लक्षात ठेवत नाही. फाइलची मालकी पुन्हा तुमच्या नावावर केली की सुटते.

वीज गेल्यानंतर लगेच सफाई नको. आधी लिब्रेऑफिस उघडा, फाइल परत मिळवण्याची विचारणा येईल ती पूर्ण करा, फाइल सेव्ह करा, बंद करा, मग सफाई. परत मिळवायच्या फायलींची यादी त्याच सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळ्या शाखेत असते आणि प्रत्यक्ष मजकूर 'बॅकअप' फोल्डरमध्ये. मजकूर पुसला आणि यादी राहिली, तर लिब्रेऑफिस प्रत्येक वेळी नसलेली फाइल परत मिळवू पाहते. म्हणूनच आमचा नियम त्या फायलींना हात लावत नाही. आपोआप होणारी सफाईही आम्ही रात्री ठेवत नाही, लॉग-इनच्या वेळी ठेवतो. तेव्हा ऑफिस उघडलेले नसते, आणि आदल्या संध्याकाळी अर्धवट राहिलेले कोणाचे काम मध्ये सापडत नाही.

याने जे होत नाही

ब्लीचबिट तुमच्या कागदपत्राच्या आत शिरत नाही. ओडीटी फाइल ही खरे तर एक झिप असते. तिच्यात लेखकाचे नाव, तारखा, संपादनाला लागलेला वेळ यांची वेगळी नोंद असते. ती नको असेल तर 'टूल्स → ऑप्शन्स → सिक्युरिटी'मध्ये सेव्ह करताना वैयक्तिक माहिती काढण्याचा पर्याय आहे. नोंदवलेले बदल, म्हणजे ट्रॅक चेंजेस, पाठवण्याआधी स्वीकारून टाका. खोडलेला भाव फाइलमध्ये तसाच असतो.

विंडोज आणि लिनक्स स्वतःचीही अलीकडच्या फायलींची यादी ठेवतात. त्यासाठी ब्लीचबिटमध्ये विंडोजवर 'विंडोज एक्सप्लोरर' आणि लिनक्सवर 'सिस्टिम' याखाली वेगळी चौकट आहे, तीही निवडा. मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठी वेगळा नियम आहे. मात्र तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेले असेल तर यादी खात्याबरोबर दुसऱ्या संगणकावरही जाते, एका संगणकावर पुसून भागत नाही.

पुसलेले परत मिळू नये म्हणून वरून लिहिण्याचा पर्याय फिरत्या हार्ड डिस्कवर कामाचा आहे. एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) त्याचा भरवसा धरू नका. एसएसडी नवा मजकूर जुन्याच जागी लिहीत नाही, झीज सारखी व्हावी म्हणून दुसऱ्या कप्प्यात लिहिते. तिथे विंडोजवर बिटलॉकर किंवा लिनक्सवर लक्सने पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी करणे, हाच खरा उपाय, आणि तो काम सुरू होण्याआधी करायचा असतो. हार्ड डिस्कची मोकळी जागा पुसायची तर वेळ धरून चला. ४०० जीबी मोकळी असेल आणि सेकंदाला १०० एमबी लिहिले जात असेल तर ४,००० सेकंद, म्हणजे निदान ६७ मिनिटे. शेवटी शेवटी डिस्क पूर्ण भरलेली दिसते, त्या वेळी दुसरे काही सेव्ह करू नका.

यादी बनूच द्यायची नसेल तर

काउंटरवरच्या संगणकासाठी आम्हाला हेच जास्त पटते. 'टूल्स → ऑप्शन्स → अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'एक्सपर्ट कॉन्फिगरेशन' उघडा आणि 'पिकलिस्टसाइझ' शोधा. तिथे मूळ आकडा २५ असतो, तो ० करा. नाव हवे पण चित्र नको असेल तर 'रिसेंटडॉक्सथंबनेल' बंद करा. हा बदल पुढच्या फायलींसाठी आहे. आधीची चित्रे एकदा ब्लीचबिटने काढावीच लागतात. बॅकअप प्रतींचा पर्याय मात्र सरसकट बंद करू नका. तीन तासांचे टायपिंग वाचवणारी ती एकमेव प्रत ठरू शकते, तेव्हा दिवसभर ती असू द्या आणि सफाईच्या वेळी जाऊ द्या.

आमची नियम-फाइल 'रोमिंग'मधल्या 'ब्लीचबिट' फोल्डरात 'क्लीनर्स'मध्ये आहे. ब्लीचबिट नव्या आवृत्तीवर नेले तरी ती तिथेच राहते. विंडोज नव्याने टाकण्याआधी मात्र ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. प्रत्येक लॉगिनसाठी ती वेगळी ठेवावी लागते, म्हणून नव्या टायपिस्टचे खाते उघडले की तिच्या खात्यातही एक प्रत टाका.