सोबतीला कोण आहे?

कॅन्सरच्या ओपीडीत रुग्णाचं नाव पुकारलं की पाठोपाठ प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" मग फायलींची पिशवी छातीशी धरलेली बायको, मुलगा किंवा भाऊ पुढे होतो. गोळ्या कधी द्यायच्या, नाकातल्या नळीतून काय भरवायचं, रात्री ताप चढला तर कुठे धावायचं, हे सगळं त्यालाच सांगितलं जातं. सहीही त्याचीच. पण त्याचं स्वतःचं कसं चाललंय, हे विचारायला वैद्यकशास्त्राला फार उशीर लागला.

रुग्णाचं जगणं मोजण्याची सुरुवात साधारण १९४८ची. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी फुप्फुसाच्या कॅन्सरवर नायट्रोजन मस्टर्ड हे औषध वापरून पाहत होते. गाठ लहान झाली, पण माणूस उठून बसतो का, हेही नोंदवायला हवं म्हणून त्यांनी ० ते १००ची पट्टी केली. १०० म्हणजे धडधाकट. ७० म्हणजे स्वतःचं स्वतः आवरतो, पण कामधंदा होत नाही. ६०ला अधूनमधून मदत लागते, ५०ला बरीच. ही पट्टी आजही वापरात आहे. तिच्यात मदतीची नोंद आहे, मदत करणाऱ्याची नाही. रुग्ण ६०वरून ५०वर आला, तर कागदावर दहा गुण कमी होतात. घरात मात्र तेवढ्यानेच कुणाची तरी रोजी बुडते, नाहीतर मुलीची शाळा सुटते.

सोबतीच्या माणसाकडे आधी पाहिलं ते आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर काम करणाऱ्यांनी. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. या तिन्ही वाटा चालल्यामुळेच त्यांना दिसलं असावं की वेदना नुसती हाडामांसात नसते. पैशाची चिंता, घरच्यांची ओढ, मरणाची भीती हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं. १९६७मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांचे शेवटचे दिवस सुसह्य करणारी जागा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०मध्ये उपशामक उपचारांची, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, व्याख्या केली, तेव्हा रुग्ण आणि त्याचं कुटुंब, दोघांचंही जगणं शक्य तितकं चांगलं व्हावं हे तिचं उद्दिष्ट ठरलं. कुटुंब हा शब्द तिथे आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

दरम्यान १९८०मध्ये अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्या २९ जणांना त्यांच्यावरच्या ओझ्याबद्दल विचारलं. आजार जितका अवघड तितकं ओझं जास्त, असं कुणालाही वाटेल. तसं निघालं नाही. रुग्णाच्या वागण्यातल्या अडचणींशी ओझ्याचा संबंध दिसला नाही. मुलं, नातवंडं, भावंडं किती वेळा भेटायला येतात, याच्याशी दिसला. येणं-जाणं जास्त, तिथे ओझं कमी. पुढे १९९९मध्ये काळजी घेणाऱ्या वृद्ध पती-पत्नींचा चार वर्षं मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास आला. काळजी घेताना ज्यांच्यावर ताण होता, त्यांचं मृत्यूचं प्रमाण अशी काळजी घ्यावी न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होतं. ताण न जाणवणाऱ्यांमध्ये तशी वाढ आढळली नाही. म्हणजे माणूस सेवेने खचतो असं नाही, एकटा पडला की खचतो.

आपल्याकडे ही गोष्ट परळच्या रस्त्यावर दिसते. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं. विदर्भ-खान्देशातून, बिहार-बंगालमधून लोक इथे येऊ लागले. रेडिएशनचे आठवडेच्या आठवडे मुंबईत राहायचं कुठे? कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, कुणी जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर ताडपत्री बांधतं. गावी पेरणी अडलेली, धाकटी पोरं आजीकडे, आणि इथे ही बाई स्टोव्हवर पेज शिजवून गाळून नळीतून भरवते. तिच्या जगण्याची प्रत कशाने ठरते असं मला विचाराल, तर आजाराची अवस्था हे पहिलं उत्तर नसेल. रात्रीची झोप, रोजचा खर्च, राहायची जागा आणि दोन तास कुणी बदली बसेल का, एवढ्यावर ते बहुतेक ठरतं.

झोपेचा संबंध थेट मॉर्फिनशी, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या, अफूपासून बनणाऱ्या औषधाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी औषधांच्या पायऱ्या सांगितल्या, त्यातली वरची पायरी मॉर्फिनची. त्याच्या वर्षभर आधी, १९८५मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा झाला होता. परवाने अनेक, ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि चुकीला किमान दहा वर्षांची कैद. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. जगाला औषधासाठी अफू पुरवणाऱ्या देशात हे घडलं! रात्रभर कण्हणाऱ्या माणसाशेजारी बसून ज्यांनी पहाट काढली, त्यांचा हिशेब कुठल्याच खात्याने ठेवला नाही. कायदा सुधारला तो २०१४मध्ये.

तोवर काहींनी वाट काढली होती. टाटातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६मध्ये वांद्र्यात शांती आवेदना सदन सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात लोटली इथेही त्याची शाखा निघाली. १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी कालिकतला संस्था काढली. तिथून केरळात शेजारपाजारचे स्वयंसेवक घरी जाऊन जखम धुणं, तांदूळ पोचवणं, मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय करणं असं सगळं करू लागले. झॅरिट यांना जे आकड्यांत दिसलं, ते इथे गल्लीत उतरलं.

मोजमापही मराठीत आलं. युरोपात १९९३मध्ये कॅन्सर रुग्णांसाठी तयार झालेली ३० प्रश्नांची प्रश्नावली टाटाच्या डॉक्टरांनी हिंदी-मराठीत तपासून घेतली, आणि तो अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तीसांत छंद आणि विरंगुळ्यावर एक प्रश्न आहे, पैशाच्या अडचणीवरही एकच. ज्या घरात बैल विकून तिकीट काढलं जातं, तिथे या दोन प्रश्नांचं वजन सारखं कसं असेल?

आणखी एक गोष्ट कुठल्याही पट्टीत सहज मावत नाही. "बाबांना सांगू नका हं, डॉक्टर." आपल्याकडे रिपोर्ट आधी नातेवाइकाच्या हातात पडतो आणि तो तिथेच दडवला जातो. हे मायेपोटीच होतं, यात शंका नाही. पण मग मुलगा बापासमोर हसत राहतो आणि जिन्यात जाऊन रडतो. बापाला बहुधा कळलेलंच असतं, तोही मुलासाठी गप्प राहतो. एकाच खोलीत दोघं आपापलं दुःख एकेकटे वाहतात. उपशामक विभागातल्या समुपदेशकांचा बराच वेळ ही गाठ सोडवण्यात जातो. ती सुटली की मृत्युपत्र, धाकटीचं लग्न, कुणाची राहिलेली माफी असं कितीतरी दिवस अडलेलं बोलणं अर्ध्या तासात होतं.