‘सामाजिक परिणाम अभ्यास’ नेमका कशाचा?

कोयनेच्या विस्थापनाची आठवण ज्या सातारा जिल्ह्यात अजून घरोघरी निघते, तिथे एक समज पक्का रुजला आहे : २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे कोणताही नवा कायदा आणण्यापूर्वी सरकारला सामाजिक परिणाम अभ्यासावाच लागतो. हे खरे नाही. तो अभ्यास भूसंपादनापुरता आहे. प्रकल्पाने किती कुटुंबे बाधित होतील, गायरान, पाणवठे, स्मशानभूमी यांचे काय होईल, हे त्यात पाहिले जाते, आणि त्यातूनही काही प्रकल्प वगळता येतात.

विधेयकांसाठी आहे ते केंद्राचे २०१४ चे पूर्वसल्लामसलतीचे धोरण. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि त्याची गरज, ढोबळ आर्थिक भार, तसेच पर्यावरण, मूलभूत हक्क व बाधितांची उपजीविका यांवरील अंदाजित परिणाम सोबत सांगावा, असे ते म्हणते. मात्र हे धोरण आहे, कायदा नव्हे. सल्लामसलत शक्य वा इष्ट नाही असे मंत्रालयाला वाटल्यास मंत्रिमंडळाच्या टिपणीत कारणे नोंदवून ती टाळता येते, ही पळवाट मला सर्वांत चिंतेची वाटते. म्हणूनच एखादा मसुदा जाहीर झाला, तर त्याच ३० दिवसांत आपली लेखी हरकत पाठवावी. पुढे अभ्यास होईलच, या भरवशावर थांबू नये.