जंतनाशक गोळीचा त्रास: गोळीआधी काय सांगावे आणि नंतर नोंद कोठे करावी

राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. दरवर्षी सहसा 10 फेब्रुवारीला 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते, आणि त्या दिवशी जी मुले आजारी किंवा गैरहजर असतील त्यांच्यासाठी नंतर मॉप-अप दिवस ठेवलेला असतो. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, चुरा करून पाण्यातून देतात. त्यापुढील वयाला 400 मिलिग्रॅमची पूर्ण गोळी असते. 2 ते 3 वर्षांच्या मुलाला तीही चुरा करून पाण्यातून देतात, त्याहून मोठ्यांनी ती चावून खायची असते. लहान मुलाला अख्खी गोळी गिळायला लावू नये, कारण ती घशात अडकण्याचा धोका औषधाच्या दुष्परिणामांपेक्षा मोठा असतो.

गोळी घेतल्यावर एखादे मूल घरी येऊन ‘माय, पोट दुखस’ म्हणू लागले, की गावात पहिला संशय गोळीवर जातो. पोटदुखी, मळमळ, उलटी किंवा चक्कर हा त्रास बहुधा सौम्य असतो आणि काही तासांत ओसरतो. पोटात जंत जितके जास्त, तितकी या त्रासाची शक्यता अधिक, कारण मरणाऱ्या जंतांमुळेही शरीर प्रतिक्रिया देते. अंकुशकृमी हा जंत ओल्या मातीतून अनवाणी तळपायावाटे शरीरात शिरतो. त्यामुळे रावेर-यावलकडे केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात अनवाणी वावरणाऱ्या आणि कधीच गोळी न घेतलेल्या मुलाकडे त्या दिवशी थोडे अधिक लक्ष ठेवावे. गोळी टाळण्याचे मात्र हे कारण नाही. उलट अशाच मुलाला तिची गरज सर्वांत जास्त असते.

काही गोष्टी मात्र गोळी हातात पडण्याआधी शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगायलाच हव्यात. त्या दिवशी ताप किंवा अन्य आजार आहे का, कोणते औषध चालू आहे का, यकृताचा विकार आहे का, पूर्वी याच गोळीने अंगावर पुरळ उठले होते का, ही माहिती त्यांच्या कानावर घालावी. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तशा मुलाचे कार्ड दाखवून डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात. हे लग्न झालेल्या किशोरवयीन मुलींच्या बाबतीत संकोचामुळे सांगायचे राहून जाते.

फिट येण्याचा इतिहास ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत असतील, तर औषधाने अळ्या मरू लागल्यावर भोवती सूज येते आणि झटका येऊ शकतो. शाकाहारी माणसालाही या गाठी होऊ शकतात, कारण फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातूनही पोटात जातात. अशा रुग्णावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेक दिवस अल्बेंडाझोलचा उपचार चालतो. त्या काळात साधारण दर दोन आठवड्यांनी रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी करावी लागते, कारण लांबलेल्या उपचारात यकृतावर व रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो. सूज कमी करण्यासाठी सोबत दिलेले डेक्सामेथासोन रक्तातील अल्बेंडाझोलची मात्रा वाढवते, तर फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही फिटची औषधे ती घटवतात. म्हणून फिटच्या गोळ्या चालू असल्यास त्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

श्वास लागणे, चेहरा सुजणे, फिट किंवा बेशुद्धी दिसल्यास 108 ला फोन करून रुग्णाला आधी दवाखान्यात न्यावे. नोंदीचे काम नंतर.

औषधाच्या दुष्परिणामाची ही नोंद भारतीय औषध दक्षता कार्यक्रमात होते. तो 2010 मध्ये सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. नोंद करण्यास डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांच्याबरोबर रुग्ण आणि पालकही पात्र आहेत. सामान्य नागरिकांसाठीचा वेगळा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी फोन करूनही तक्रार नोंदवता येते. मजुरीसाठी सुरतकडे गेलेल्या कुटुंबाला त्यासाठी गावी परतावे लागत नाही.

अर्जात चार गोष्टी अनिवार्य समजाव्यात: रुग्णाची ओळख (आद्याक्षरे व वय पुरेसे आहे), नेमका त्रास काय झाला, संशयित औषध कोणते आणि नोंदवणारा कोण. नुसते ‘जंताची गोळी’ असे लिहिल्यास उपयोग होत नाही. औषधाचे नाव, मात्रा, घेतल्याची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहावी. खरी अडचण बॅच क्रमांकाची असते. दुकानदार कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या देतो आणि क्रमांक छापलेला तुकडा बहुधा त्याच्याकडेच राहतो. शाळेतही रिकामी पट्टी दुपारपर्यंत कचऱ्यात गेलेली असते. म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोबाईलमध्ये काढून ठेवावे. केसपेपर, चिठ्ठी व तपासणीचे अहवाल जवळ असल्यास त्यातील माहिती अर्जात भरावी.

रुग्णाची माहिती गोपनीय राहते. हा अर्ज नुकसानभरपाईसाठी नसतो, आणि तो भरला म्हणून कोणी दोषी ठरत नाही. डिस्चार्ज कार्ड उशिरा मिळाले, तर आधीच्या नोंदीचा संदर्भ देऊन ती माहिती नंतर पाठवता येते.